बुजगावण्याच्या जागी मी

महाळुंगे पडवळ,
भाद्रपद, २००४

भगवंतराव दाजींना मेहुण्या हौशीरामचा दंडवत. तुमचा गुडघा आणि आमच्या साळुअक्काची जीभ, दोन्ही चालतात ना? (पत्र अक्काला वाचून दाखवू नका.)

इकडं सगळं ठीक, फक्त मला माझ्याच शेतात बंदी झालीय. पोरगा सुनील पडला चाकणच्या कंपनीत, म्हणून पाडव्याला नारळ फोडून शेत सूनबाईच्या हवाली केलं. सोनल हुशार, पण शेतात नवी. ठरवलं, आपण नुसतं बांधावर बसायचं. पण दाजी, ज्या वावरात जन्म ओरडण्यात गेला तिथं गप बसणं लई अवघड! तिनं बाजरीला युरिया टाकलेला मला ठाऊक न्हाई, मी गुपचूप परत टाकला. बाजरी अशी माजली की एका वाऱ्यात निम्मी आडवी. चिमाबाईनं (तुमची सलहज, माझी बायको कम फौजदार) फर्मान काढलं, "आता बांधावर पाय ठिवला तर भाकर न्हाई मिळायची."

उरलेल्या कणसांवर पाखरं आली, तसं सोनलनं बुजगावणं उभं केलं. सदरा माझा, धोतर माझं, टोपीसुद्धा माझीच. म्हणजे माझ्या कपड्यांना शेतात परवानगी, मला न्हाई! वर शेजारचा गेणभाऊ त्याला राम राम घालून म्हणतो, "हौशाभाऊ, गप ऱ्हायला शिकलास, लई ग्वाड झालं."

मला राहवेना. काल चिमाबाई मंचरच्या बाजाराला गेली. मी बुजगावणं उपटून बाजरीत निजवलं, त्याचे कपडे चढवले आणि हात पसरून उभा राहिलो. (पाखरं भ्याली न्हाईत. एक साळुंकी तर खांद्यावर बसली.) तेवढ्यात सोनल आली. समोर थांबून हळूच म्हणाली, "मामा, दाणा भरतोय अन् पाऊस दडलाय. आज पाणी द्यावं का?"

दाजी, पाडव्यापासून ह्याच एका प्रश्नाची वाट बघत होतो, आणि आला तेव्हा मी बुजगावणं! बोलावं तर चोरी उघडी. तोंड मिटून उभा राहिलो. तिनं वाट बघितली, मग वाकून ढेकूळ फोडलं, ओल बघितली आणि जाऊन मोटार चालू केली. अगदी बरोबर केलं पोरीनं. माझे डोळे भरून आले, पण पुसायला हात खाली घेता येईना. परतताना हसून म्हणाली, "मामा, हात दुखलं आसतील, घरी चला आता."

आपला,
हौशीराम

ता. क. : खरं काम हे, की मला पंधरा दिवस आळेफाट्याला बोलावून घ्या. मी इथं असलो की हात शिवशिवतात. पोरीला तिच्या मनानं शेत करू द्यावं म्हणतो.

आणखी एक : बोलावणं सोनलच्या हाती पडेल असं धाडा. ती "मामा, जाऊ नका" म्हणाली, तर मी काय येत न्हाई.