बारा जुलैची नोंद

जुन्नर,
शनिवार, १ नोव्हेंबर २०२५

प्रिय भरत,

सलाम, आणि रामरामसुद्धा. तुझा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. दिवाळीत तू त्यांना स्वेटर धाडलास, त्या पार्सलवर होता. फोनच करणार होतो, पण नऊ वर्षांपूर्वी तू माझा नंबर बंद केलास तो अजून बंदच आहे. शाबास. इतकी टिकाऊ व्यवस्था आपल्या संस्थेत दुसरी कुठलीच नाही.

आमच्याकडे ठीक. अम्मीने ऐंशी ओलांडली. ऐकू कमी येतं, पण माझी चूक असली की स्पष्ट येतं. समरीन बरी आहे, अजून माझ्याशी नांदतेय. मी बावन्नचा झालो. केस गेले, जीभ शाबूत आहे.

बातमी अशी की आपल्या फिरत्या दवाखान्याचा डेटाबेस नव्या घरी चाललाय. तू २०१२ साली त्या खोक्यावर जो उभा केलास त्यावरच आम्ही आजवर ओढलं. तळेघरपासून आहुप्यापर्यंतचे एक्केचाळीस हजार रुग्ण, एका मशीनच्या पोटात. आता तीन सर्व्हर आलेत. तिघांचं मिळून एक क्लस्टर: प्रत्येकाकडे सगळ्या नोंदींची प्रत, एक आजारी पडला तर बाकीचे दोघे गाडा ओढतात. त्यांच्यासाठी खोली रंगवली, एसी बसवला. बाहेर ओसरीत रुग्ण बसतात तिथला पंखा वाऱ्याने फिरला तर फिरतो.

सचिव दादाभाऊंनी तिन्ही यंत्रांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाण्याचे शिंतोडे मी टॉवेलने अडवले. मग विचारतात कसे,

"जलालभाई, तीनच कशाला?"

"भाऊ, दोघांचं पटलं नाही तर तिसरा लागतो. दोघे जे म्हणतील ते खरं."

"म्हंजे आपली ग्रामपंचायतच की राव!"

"फरक आहे. इथे फुटलेल्याला बाहेर काढतात."

हे सगळं उभं करतेय प्रतिभा. तुझ्याच अवसरीच्या कॉलेजातली, तुझ्यानंतर तीन-चार वर्षांनी शिकलेली, पुण्यात दहा वर्षं हेच काम करून आलेली. बाई कडक आहे. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मोजणी जुळल्याशिवाय मी जुनं मशीन बंद करणार नाही." आणि मोजणी जुळेना. शेवटचा रुग्ण क्रमांक एक्केचाळीस हजार पाचशे तीस, माणसं मात्र तीनशे बारांनी कमी. तीनशे बारा क्रमांक होते, आता नाहीत.

तिने विचारलं, "जुना लॉग आहे, कोणी कधी काय केलं त्याचा. त्यात काही सापडेल?"

मी म्हणालो, "त्यात नुसत्या लॉगइनच्या वेळा आहेत. सोडा तो."

मग पोत्यातले जुने केसपेपर काढले, गावागावाच्या याद्या केल्या आणि हरवलेली माणसं शोधत मी चालायला लागलो. सोळा दिवस. या वयात, या गुडघ्यांनी. गेल्या आठवड्यात आहुप्याला होतो. खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. भागूबाई दिसली. तिच्याशी बोललो नाही. तुझ्या आईने नाचणीची भाकरी नि ठेचा वाढला, आणि मी खात असताना विचारलं, "जलालभाऊ, माझ्या भरतनं खरंच क्येलं व्हतं का वो ते?"

मी म्हणालो, ठेचा फार तिखट झालाय.

उद्या रविवारी जुनं मशीन कायमचं बंद करायचं. त्यातलं जे नेलं ते नेलं, बाकीचं पुसलं जाईल. एसीची घरघर इथपर्यंत ऐकू येतेय. बाकी हवा छान आहे.


शुक्रवार, ७ नोव्हेंबर

भरत, वरचा मजकूर सहा दिवस टेबलावर पडून होता. समरीनने वाचला. म्हणाली, "एवढं सगळं लिहिलंत, एसीसुद्धा लिहिला. खरी गोष्ट कुठंय?"

खरी गोष्ट ही.

बारा जुलै २०१६, मंगळवार, सकाळी साडेअकरा. तू आठवडाभराची रजा घेऊन भाताच्या आवणीला, रोपं लावायला, आहुप्याला गेला होतास. जाताना मला म्हणाला होतास, "भाई, दोनदा नोंदलेली नावं काढायचीत, पण मी येईपर्यंत हात लावू नका. डोंगरात एकेका नावाच्या चार-चार बाया आहेत. आपण गावात जाऊन माणसं बघू, मग काढू." दादाभाऊंना बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसमोर यादी स्वच्छ हवी होती. आणि मला वाटलं, पोरगं शिकलंय म्हणून मलाच शिकवतंय. नाव एक, नवऱ्याचं नाव एक, आडनाव एक, वयात दोन-तीन वर्षांचा फरक, की माणूस एक. असं मी मशीनला सांगितलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तेव्हा तीनशे बारा माणसं दुसऱ्यांत विरघळली होती. मी खूश.

लॉगइन तुझं होतं. तेव्हा सगळी संस्था तुझ्याच नावावर काम करायची. नवं लॉगइन काढायचं तर दादाभाऊंची सही लागायची, आणि तुझा पासवर्ड कपाटाच्या दारावर चिकटवलेला होता. फुकट मिळालेलं नाव कोण सोडतो?

आहुप्याची भागू आणि तळेघरची भागू त्या मंगळवारी एक झाल्या. आहुप्याच्या भागूच्या नोंदीवर लाल अक्षरांत होतं, अमुक इंजेक्शन देऊ नये. तळेघरच्या भागूच्या नोंदीवर काही नव्हतं. मशीनने दुसरीची नोंद ठेवली. ऑगस्टमध्ये गाडीतल्या डॉक्टरांनी मशीनचा पडदा बघून आहुप्याच्या भागूला तेच इंजेक्शन दिलं. पुढचं तुला माहीत आहे. ती वाचली, पण जीपमध्ये तिचा श्वास दोनदा थांबला, आणि दोन वर्षं डोंगरातला एकही माणूस आपल्या गाडीपाशी आला नाही. तुझ्या गावाने तर तुझ्याशी बोलणंच टाकलं. आपल्याच पोराने आपली बाई मारायला काढली, असं.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला: मशीनवर नाव कोणाचं दिसतं? मी म्हणालो, भरतचं. तारीख कोणी विचारली नाही. मी सांगितली नाही. लॉग कसा उघडायचा ते ठाऊक होतं फक्त मला आणि तुला, आणि तुला त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू दिलं नाही. आपण खोटं बोललो नाही, असं मी नऊ वर्षं स्वतःला ऐकवत आलो. खोटं बोलायला निदान तोंड उघडावं लागतं.

आता कळलं असेल, मी सोळा दिवस का चाललो. त्या लॉगमध्ये कोण कोणात मिसळलं त्या तीनशे बारा जोड्या ओळीने लिहिलेल्या आहेत. दहा मिनिटांचं काम. पण ते उघडलं की तारीखही उघडी पडणार, म्हणून मी डोंगर चढलो. लोक म्हणाले, या वयात केवढी तळमळ!

रविवारी सकाळी प्रतिभाने बंद करायच्या आधी शेवटचं विचारलं, "लॉग सोडायचा ना, सर?" मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तुझ्या आईचा प्रश्न आठवला. शपथेवर सांगतो, तेवढंच नव्हतं. माझ्या यादीत अजून एकशे सहा नावं बाकी होती. त्यांतली कोण उद्या गाडीपाशी येऊन बाही वर करील, ते मला माहीत नव्हतं. म्हणालो, "थांबा. आधी उघडा तो."

तिने उघडला. वाचला. विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग गावं कशाला फिरलात?"

त्यानंतर ती मला सर म्हणत नाही. काकाही म्हणत नाही. संध्याकाळपर्यंत तिने तीनशे बारा माणसं वेगळी केली. अकरा जणांच्या नोंदीवर लाल शेरा होता, जो नऊ वर्षं दिसत नव्हता. त्या अकरांच्या गावी त्याच दिवशी निरोप गेले. लॉग आता तिन्ही सर्व्हरांवर आहे. मला पुसायचा म्हटला तरी एकट्याला पुसता येणार नाही.

सोमवारी सभेत उभं राहून वाचून दाखवलं, तारखेसकट. दादाभाऊ म्हणाले, "जलालभाई, उकरून काय मिळणार आता? पोरगं तिकडं हैदराबादला सुखात हाय." मी म्हणालो, "भाऊ, सुखात असतं तर गावी आलं असतं." तुझं नाव निर्दोष असल्याचा ठराव झाला. नक्कल सोबत जोडलीय. माझा राजीनामा घेतला, पण महिनाअखेरपर्यंत थांबा म्हणाले. जुन्या कपाटांत काय कुठे आहे ते दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही.

काल आहुप्याला गेलो. आधी भागूबाईकडे. ती भात पाखडत होती. सगळं ऐकलं. सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, "तवा का न्हाई बोलला?" ती पाखडत राहिली. मी उठलो.

मग तुझ्या घरी. तुझ्या आईला तारीख सांगितली. त्या बोटांवर काहीतरी मोजत बसल्या. मग म्हणाल्या, "त्या मंगळवारी आमी वरच्या खाचरात व्हतो. त्यो माझ्याम्होरं रोप लावीत व्हता." मला वाटलं, आता शिव्या देतील. मी तयार होतो. खरं तर वाट बघत होतो. त्यांनी दिल्या नाहीत. म्हणाल्या, "पत्र लिवणार हाईस ना त्याला? मंग माझंबी लिव." मी वही काढली.

माफी मागत नाही. ती मागून माझंच ओझं हलकं होईल, तुझं नाही. तू चिठ्ठी फाडलीस तरी ठराव तेवढा ठेव.

त्यांनी सांगितलं ते एक अक्षर न बदलता खाली लिहितोय.

"भरत, ह्यो जलाल चुकला, पर त्यो परका माणूस. मी लोकांचं खरं मानलं. नऊ वर्सं कुणाकुणाला इचारीत फिरले, माझ्या पोरानं क्येलं का म्हणून. तुला येकदाबी इचारलं न्हाई."

एवढंच. मी विचारलं, खाली 'तुझी आई' लिहू ना? त्या म्हणाल्या, "नुसतं नाव लिव. बाकीचं त्यो म्हणंल तवा."

म्हणून,

साळुबाई, आहुपे

आणि त्यांच्याखाली, तेवढ्याच हक्काने,

जलाल