तीन दशांश

८ एप्रिल
हिगाशी-ओसाकातली नवी खोली मिळाली. चार तातामी चटयांएवढी, पूर्वेला खिडकी. मोजून पाहिली: कागदावर लिहिलं होतं त्यापेक्षा दोन सेंटिमीटर जास्तच भरली. असा घरमालक विरळा! आमचा कारखाना बंद पडला म्हणून गाव सोडलं, पण मन प्रसन्न आहे. शाळा पंधराव्या वर्षी सुटली. लेथ आणि ग्राइंडिंग मी वाचनालयातल्या पुस्तकांवरून शिकलो, संगणकही तसाच. त्रेपन्नाव्या वर्षी असा माणूस कुणाला नको असेल? बायोडाटा हातानं लिहिला, एकही खाडाखोड नाही. फोटो पट्टी लावून चिकटवला.

९ एप्रिल
रोजगार कचेरीतल्या मिझोगुचीबाई चटपटीत आहेत. म्हणाल्या, कुरामोचीसान, अक्षर बघून कुणीही उभं राहून सलाम करेल. पण हल्ली कंपन्या अक्षर नाही, इंटरनेटवरची टोपणनावाची खाती बघतात. त्यासाठी माणसं नेमतात. तुमचं आहे का असं एखादं? मी नाही म्हणालो. कान गरम झाले.
आहे. नाव ‘काटेकोर’. आठ वर्षं, २१४० नोंदी. बहुतेक सगळ्या एकाच पोरावर, जो माझ्या हाताखाली होता. पहिल्याच दिवशी त्याचा दांडा ०.३ मिमी चुकला, तेव्हापासून मी त्याला ‘तीन दशांश’ म्हणायचो. मग सगळेच म्हणू लागले.

११ एप्रिल
दोन अख्ख्या सकाळी गेल्या. सगळं पुसलं. पुसताना वाचावं लागलं, हा भाग मी हिशेबात धरला नव्हता. मापायच्या व्हर्नियरमध्ये पकडलेल्या त्याच्या तुकड्याचा फोटो, खाली माझं वाक्य: ‘एवढीच फट याच्या डोक्यातही आहे.’ ६११ जण हसले होते.
एके दिवशी तो आलाच नाही. पुन्हा कधीच नाही. कुठे गेला कुणाला कळलं नाही. त्याचा खण मात्र लखलखीत, हत्यारं ओळीत. मी खणाचा फोटो टाकून लिहिलं होतं: ‘आज प्रथमच अचूक. कारण गैरहजर.’
त्याची आई सामान न्यायला आली. तुम्ही माझ्या मुलाला इतकी वर्षं शिकवलंत, म्हणाली, आणि कमरेत वाकली. मीही वाकलो. किती अंशात, तेही मला आठवतं.

१४ एप्रिल
खात्यावर एक नोंद आहे. मी टाकलेली नाही. फोटोत माझं टेबल, माझा बायोडाटा. खाली: ‘उमेदवार, वय ५३. फोटो उजवीकडे १ मिमी कललेला. पट्टी कशाला वापरली?’
मोजलं. १ मिमी.
परवलीचा शब्द बदलला.

१६ एप्रिल
खातंच बंद केलं. तरी दिसतं. आज माझी न्याहारी: ‘भात चाळीस वेळा चावतो, नोकरीची वेळ आली की खरं मात्र न चावता गिळतो.’ वाक्याची चाल माझी. स्वल्पविराम जिथे मी दिला असता, तिथेच. ६११ जण हसले.
दाराला आतून कडी होती.

१८ एप्रिल
शाफ्ट बनवणाऱ्या कारखान्यात मुलाखत झाली. मालक खूश, म्हणाले, असे हात आता सापडत नाहीत, बावीस तारखेला या, तेवढ्यात तुमची चौकशी उरकून घेतो. चौकशी!
तडक मिझोगुचीबाईंकडे गेलो. त्यांना त्यांच्या फोनवर खातं दिसलं. जुन्या नोंदीही. सगळ्या, मी पुसलेल्या. त्या वाचत राहिल्या, मग मान वर न करता म्हणाल्या, हे तुमचंच ना. आवाज अगदी हळू. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.
त्या पोराला माफीचं पत्र लिहा म्हणाल्या. हातानं, पूर्ण नावानं. त्याचा पत्ता नसेल तर त्याच्या आईकडे पाठवा. त्याची प्रत मालकांना दाखवा. लपवलं तर ही नोकरी गेली आणि पुढचीही.

२० एप्रिल
पत्राला बसलो. पहिली ओळ — त्याचं नाव.
आठवत नाही.
आठ वर्षं शेजारच्या यंत्रावर. आडनावसुद्धा नाही.
जुन्या फोरमनला फोन केला. तो हसत सुटला. अहो कुरामोचीसान, तीन दशांशच की! बारसं तुम्ही केलंत, आणि नाव आम्हाला विचारता होय?
नोंद: ‘पहिली ओळ रिकामी. चूक: पूर्ण नावाएवढी.’

२१ एप्रिल
आजच्या नोंदीत फोटो माझ्या पाठीचा. टेबलावर वाकलेला मी. इतक्या जवळून की मानेवरचा तीळ —
खोलीत माझ्याशिवाय कुणी नाही. फोनवरचे ठसे पाहिले. फक्त माझा अंगठा.
फोरमननं आईचा पत्ता पाठवला. त्यातही नाव नाही, ‘तीन दशांशची आई’ एवढंच. पत्र नाही लिहिलं. तिला विचारू तरी काय — तुमच्या मुलाचं नाव काय होतं?

२२ एप्रिल, सकाळी १०.२०
कारखान्याची बैठकीची खोली. अजून चार उमेदवार. अर्ज दिलाय भरायला. पहिला रकाना नाव.
पेन टेकवलं, उचललं.
माझं. माझं नाव. सकाळपर्यंत होतं. बायोडाटा काढून पाहिला — अक्षर सुरेख, आणि नावाच्या जागी कोरं. नावाचा शिक्का उमटवला. नुसतं लाल वर्तुळ.

१०.३१
चौघे फोन बघतायत. हसतायत. दाबून. मग माझ्याकडे —
नोंद: ‘उमेदवार घामेजला. अर्ज कोरा. ११ मिनिटं.’
बरोबर आहे. अकराच.

१०.३४
कारकून एकेकाला नावानं बोलावतोय. आदरानं. सान लावून. चौथा गेला. मी एकटा.
बोलावू नका. मी सांगतो सगळं, आधी मी — त्याच्या आईपुढे मला पुन्हा वाकू द्या, नीट —

दार उघडलं. कारकुनानं कागद पाहिला. हाक मारली. माझ्याच आवाजात, माझ्याच त्या लांबवलेल्या सुरात, जसा मी यंत्रांच्या रांगेवरून —

तीन दशांश.

दुसरं नावच नाही मला. मी उभा राहिलो. हो म्हणालो. आतून सहाशे अकरा माणसं हस —