सहा फुटी काचेची टाकी

आबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. अजूनही तुमची आठवण आली की आधी वास येतो, शेवाळाचा आणि माशांच्या पाण्याचा, आणि मग मागून तुमचा चेहरा. आई गेली तेव्हा तिच्या लुगड्याची घडी छातीशी धरून मी रडले होते. तुमचा टॉवेल मात्र मी काठीनं उचलून बाहेर टाकला होता. हे तुमच्या तोंडावर कधी बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

त्या दुष्काळात कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. ऊसच नव्हता तर गाळणार काय. तुम्ही वर्कशॉपला फिटर, पण हंगामी. दरवर्षी दिवाळीच्या आसपास बोलावणं यायचं आणि गाळप संपून पट्टा पडला की घरी. तुमच्या मागून आलेले, कुणाचा तरी चिठ्ठीचपाटीचा आधार असलेले लोक कायम झाले, तुम्ही राहिलात. मी बीडला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलच्या हौदात पाणी उरलं नाही म्हणून आम्हाला घरी पाठवलं होतं. आपल्या कामगार वसाहतीत चौथ्या दिवशी टँकर यायचा. आई तिच्या माहेरी, पालीला जाऊन आली तेव्हा सांगत होती की धरणाचा तळ उघडा पडलाय, गाळात अडकून मेलेल्या माशांचा वास पार रस्त्यापर्यंत येतोय, पदर नाकाला लावून यावं लागलं. त्याच आठवड्यात कारखान्याच्या चेअरमननं तुम्हाला तालुक्याच्या गावातल्या बंगल्यावर बोलावलं. त्याला दिवाणखान्यात सहा फुटी काचेची माशांची टाकी हवी होती. कुणीतरी सांगितलं होतं की घरात मोठा मासा फिरता असला की पद टिकतं. पुण्याहून तयार टाकी आणायची तर ती वाजतगाजत येणार, चार लोकांना दिसणार. त्यापेक्षा आपला माणूस घरातच बांधेल. तो तुम्हाला म्हणाला, टाकी नीट झाली की तुझ्या कायमचं बघू. आणि म्हणाला, वर्कशॉपचं दुसरं कुणी आणू नकोस, बाहेर बोभाटा नको. म्हणून तुम्ही मला नेलंत.

खरं सांगते, पहिले दहा दिवस मला फार आवडले. तुम्ही लोखंडी अँगल कापून सांगाडा वेल्ड केलात, त्यावर तांबडा रंग, मग काळा. सांगाड्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोलचा थर, का तर खालची काच कुठे एका टोकावर भार घेऊन तडकू नये. जाड काचा आल्या तेव्हा तुम्ही त्यांच्या कडा पाणी लावून दगडावर घासल्यात, मला बोट फिरवून बघायला लावलंत. कडा स्पिरिटनं पुसायच्या आणि मग हात लावायचा नाही, माणसाच्या बोटाचं तेल सांध्याला वैरी, असं तुम्ही सांगितलंत. तुमच्यासोबत मी कधी इतका वेळ काढला नव्हता. काचा जोडायच्या सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा आंबट वास त्या थंडगार दिवाणखान्यात भरून राहायचा आणि मला तो प्रयोगशाळेचा वाटायचा. सांधा भरताना सिलिकॉनची गन थांबवायची नाही, एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची, कारण वर साय धरली की पुढचं सिलिकॉन मागच्याला चिकटत नाही. तुम्ही भरत होतात, मी काचा धरून होते. तुमचा हात मात्र मधेच अडत होता. बॉयलरच्या नटबोल्टांवर आयुष्य काढलेला हात; काचेला जेवढा हलका लागतो तेवढा तो हलका होत नव्हता.

आठवडाभर वाळवून पाणी भरलं आणि मागचा सांधा गळाला. आधी खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर एक ओला ठिपका दिसला, मग ओघळ, मग संगमरवरावरून पाणी थेट गालिच्याखाली. बंगल्यातल्या बायका पायपुसणी घेऊन धावल्या. सगळी टाकी रिकामी करावी लागली. तुम्ही नळी खिडकीतून बाहेर सोडलीत आणि मी बाहेर ती धरून उभी राहिले. पाणी हिरवळीवर जात होतं. त्या वर्षी मी हिरवं गवत तिथंच पाहिलं. आणि मागच्या फाटकाशी टँकर उभा होता, डाव्या कुशीला पोचा आलेला, आपल्या वसाहतीत यायचा तोच. त्या दिवशी आपली पाळी होती. आई सकाळपासून घागरी ओळीत लावून बसली असणार.

मी आत येऊन तुम्हाला विचारलं, आपला टँकर इथं काहून उभा हाय? तुम्ही ब्लेडनं जुनं सिलिकॉन खरवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "डोळे कामावर ठेव. पाण्याचं आपण बघायचं न्हाई." एवढंच. ओरडला नाहीत. ओरडला असतात तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात तुम्ही मलाही तुमच्यासारखं हंगामी करून टाकलंत, बोलावलं की यायचं आणि बघायचं नाही.

दुसऱ्या वेळी सांधे मी भरले. तुम्हीच गन माझ्या हातात दिलीत. आठ सांधे, एकाही ठिकाणी थांबले नाही, मागून ओल्या बोटानं एका रेषेत ओढून घेतले. आठ दिवसांनी टाकी भरली, रात्र गेली, वर्तमानपत्र कोरडं. चेअरमन सदऱ्याच्या बाह्या सारून आला, कोपऱ्यावर अंगठा फिरवला आणि तुम्हाला म्हणाला, "हात लई साफ हाय तुजा." मी तिथंच, तुमच्यापासून हातभर अंतरावर फडकं घेऊन उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. हात जोडून, कंबरेत वाकून म्हणालात, "इतकी वर्सं बॉयलरवर काढली, सायेब." तुमचं ते वाकणं मला अजून दिसतं. मान नव्हे, पाठ वाकली होती. तोंडावर जे हसू होतं ते घरी आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

मग त्याच दुपारी मासे आले. पुण्याहून, प्लास्टिकच्या पिशव्यांत हवा भरून, गाडीच्या मागच्या सीटवर उशा लावून. एक लांब रुपेरी मासा आणि सोबत लाल-पांढऱ्यांचा थवा. टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर होती, झाकण उघडलं तरी नाकात जायची. मी तुम्हाला म्हणाले होते की हे पाणी अजून दोन दिवस उघडं राहू द्या, नाहीतर मासे मरतील. तुम्हाला ते पटलंही होतं. पण संध्याकाळी पाहुणे येणार होते आणि थांबा असं सायबाला सांगायची तुमची छाती झाली नाही. पाहुण्यांनी टाकी पाहिली, वाहवा केली, आणि सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. डोळ्यांवर पांढरी साय, कल्ले उघडे. तुम्ही छोट्या जाळीनं एकेक उचलून बादलीत टाकत होतात आणि प्रत्येकाला "आर्र" म्हणत होतात. पुन्हा सगळी टाकी हिरवळीवर रिकामी झाली, पुन्हा टँकर मागच्या फाटकाशी लागला. त्या खेपेला वसाहतीला आठ दिवस पाणी आलं नाही. शेजारच्या बाळंतिणीला धुवायला पाणी नव्हतं म्हणून तिची सासू दारोदार तांब्या घेऊन फिरली. आईनं तिला आपल्यातलं दिलं आणि आमची भांडी राखेनं नुसती पुसून ठेवली. तुम्ही घरी आलात, जेवलात आणि म्हणालात, नवीन मासे येणार हायेत.

दुसऱ्या दिवशी मी वसाहतीतल्या बायकांना सांगितलं. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून त्या लिंबाखाली बसल्या होत्या, तिथं जाऊन सगळं सांगितलं, किती वेळा भरली, किती वेळा ओतली, फाटक कुठलं. त्यांच्यासाठी सांगितलं असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला बजावत राहिले. पण त्यांच्याकडे जाताना माझ्या डोक्यात तहान नव्हती, बाळंतीण नव्हती. "इतकी वर्सं बॉयलरवर काढली" हे वाक्य होतं. टँकर तर मी पहिल्याच गळतीच्या दिवशी ओळखला होता. माझे सांधे तुम्ही खिशात घातलेत तेव्हा मला पाण्याची चाड आली.

तीसेक बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून बंगल्यावर गेल्या. मीही होते. राखणदारानं फाटक लावायच्या आत त्या ओसरीवर होत्या, आणि मग थेट दिवाणखान्यात. तुम्ही स्टुलावर चढून टाकीत नळी सोडत होतात. नवे मासे अजून आले नव्हते, पाणी स्वच्छ, दिवा लावलेला. सगळ्या टाकीपाशी थबकल्या. एवढं नितळ पाणी कुणी कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग बाळंतिणीच्या सासूनं चपला काढल्या, पुढे झाली आणि कळशी बुडवली. मागून दुसरी, तिसरी. तुम्ही स्टुलावरून उतरलात. मला वाटलं, आता तरी मान खाली घालाल, नाहीतर नळी त्यांच्या घागरीत सोडाल. तुम्ही दोन्ही हात पसरून टाकीच्या कोपऱ्यापुढे उभे राहिलात आणि म्हणालात, "कडेला टेकू नका गं बायांनो, सांधा उचलंल." त्यांनी तुमच्याकडे कसं पाहिलं ते मी पाहिलं. एकजण तुमच्या पायाशी थुंकली.

चेअरमन मात्र हसत आला. आधी आत गेला, कपडे बदलून आला, आणि स्वतःच्या हातानं एका म्हातारीच्या डोक्यावर हंडा चढवून दिला. फोटोवाला कुणी बोलावला कळलं नाही. दोन दिवसांनी पेपरात आलं की दुष्काळात चेअरमनसाहेबांनी घरचं पाणी माताभगिनींना खुलं केलं. सभासद हाच मालक, असंही त्याखाली त्याचं वाक्य होतं. पुढच्या निवडणुकीत तो पुन्हा निवडून आला. आपल्या वसाहतीतल्या सभासदांची किती मतं पडली कुणास ठाऊक. तुमचं पडलं असणार.

तुम्हाला त्यानं कायम केलं नाही. पुढच्या हंगामाला बोलावणंही आलं नाही. इथपर्यंत मला तुमची कीव आली असती. पण तुम्ही त्यानंतरही दर महिन्याला टाकी साफ करायला जात राहिलात, कुणी न बोलावता, आशेवर. गेवराईत खिडक्यांच्या ग्रिलच्या दुकानात काम धरलंत तेव्हाही सुट्टीच्या दिवशी तिकडंच. नळी तोंडानं ओढून पाणी उपसायचात. घाण पाणी तोंडात यायचं ते थुंकायचात, हे तुम्हीच घरी गमतीनं सांगायचात. येताना हाताला, सदऱ्याला तो वास. त्याच हातानं भाकरी मोडून माझ्या ताटात चतकोर ठेवायचात आणि मी ती ताटाखाली सरकवायची. आईला दिसायचं. कुणी सांगितलं बायकांना, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, मला अजून कळलेलं नाही. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत नर्सला सांगत होतात, सा फुटी टाकी बांदली मी, एकबी थेंब गळला न्हाई. मी सलाईनच्या बाजूला बसले होते. तेव्हाही तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

आबा, या उन्हाळ्यात मी घरी टाकी बांधली. चार फुटी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला दाखवायचं नव्हतं. मी काम करते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला सुट्टी लागली, हात रिकामे झाले, आणि एक दिवस मी काचवाल्याकडे मापं घेऊन उभी होते. सांगाडा सोडला तर सगळं स्वतः केलं. बीडला यंदाही नळ कधी येईल सांगता येत नाही. आमच्या इमारतीला टँकर येतो, मी पाणी टाकीतच दोन दिवस उघडं ठेवलं, मगच मासे सोडले. महिनाभर फार सुखात होते. तुमच्याकडून घेतलेली ही एकच गोष्ट मला आवडते, आणि ती हीच असावी याचा मला तिटकारा येतो.

परवा भांडी घासायला येणारी बाई टाकीपुढे थांबली. तिच्या गल्लीत टँकर आठ दिवसांनी येतो. आमच्याकडे येते तेव्हा पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या असतात, त्या मी भरून देते आणि स्वतःला चांगली समजते. ती थोडा वेळ मासे बघत राहिली. मग सहज, काही खोच न ठेवता म्हणाली, "ताई, किती घागरी बसत्याल हिच्यात?" मी म्हटलं, असतील आठ-दहा. ती "हां" म्हणाली आणि भांडी घासायला बसली.

हे पत्र जाणार कुठंच नाही, तेव्हा इथं खोटं लिहून उपयोग नाही. मी भरताना मोजल्या होत्या. वीस बसतात.