दोरीतला सांधा

बाबा, तुमच्यामागे हातमाग मोडला, पण धनुष्याची ती दोरी अजून माझ्याकडे आहे. परवा हुडकेश्वरच्या घरी कपाट आवरताना ती पुन्हा हाती लागली आणि बोट आपोआप सांध्याच्या जागी गेलं. चाळीस वर्षं झाली, पण बोट अजून चुकत नाही.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं होतं. शाळेचं बांबूचं धनुष्य एकच, ते आपल्या भिंतीवर टांगलेलं असायचं आणि आम्ही दोघी ते वापरायचो. मी, आणि माझ्या वर्गातली, कुही गावची ती. सरावासाठी आपल्याकडेच राहायची, माझ्या ताटात जेवायची आणि माझ्याहून चांगला नेम धरायची. तुम्हीसुद्धा एकदा म्हणालात, "तिचा हात पाह्य वं, जरा हालत नाही." ते मला तेव्हा लागलं, आजही लागतं. संघात एकीचीच जागा उरली होती.

निवडीच्या आदल्या दुपारी ती गावी गेलेली. दोरीच्या पिळातले दोन धागे तुटलेले दिसले आणि मी रडवेली झाले. तुम्ही माग थांबवलात, धोटा बाजूला ठेवलात, तुटकी टोकं थुंकीनं ओली केलीत आणि आयुष्यभर ताण्यातला धागा सांधत आलात तसाच हाही सांधलात. वरून मेण चोळलंत. "सांधा दिसून राहिला का? शोधून दाखव," म्हणालात. किती खूश होतात! कोष्ट्याच्या घरात तुटलेला धागा कोणी टाकून देत नाही. पण तिरंदाजीच्या सरांनी आम्हाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की धागा तुटला तर दोरीच बदलायची, सांधा मारायचा नाही. हे मला ठाऊक होतं, तुम्हाला नव्हतं. तुमच्या चेहऱ्याकडे पाहून मी गप्प बसले, असं स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

सकाळी मैदानावर वारा अजिबात नव्हता. मी दोरीवरून बोट फिरवलं, तर ज्वारीच्या कणीएवढी गाठ लागली. सरांच्या पेटीत नवी दोरी होती. एक शब्द पुरला असता. ती रेषेवर उभी राहते, दोरी ओढून गालाला लावते, हात जरा हालत नाही. मी तिच्या मागे उभी आहे. पहिला बाण जातो, दुसरा जातो. तिसऱ्या वेळी फाटकन आवाज झाला आणि दोरीचं टोक तिच्या उजव्या डोळ्यात गेलं.

जागा मला मिळाली. तुम्ही पुन्हा मागावर बसला नाहीत. "माह्या हातानं पोरीचा डोळा गेला गा," असं शेजारच्या काकांना सांगताना मी ऐकलं. दर दिवाळीला तिच्यासाठी लुगडं घेऊन कुहीला जायचात, तेही दुकानातलं, विकतचं. मला सोबत चल म्हणायचात, आणि मला नेमकं तेव्हाच काम निघायचं. शेवटच्या दुखण्यात विचारलंत, "सांधा चालत नाही, हे मले काहून कोणी सांगतलं नाही वं?" मी तुम्हाला पाणी पाजलं आणि पेला धुवायला आत गेले.

हे पत्र टाकू तरी कुठे? दोरीभोवती गुंडाळून कपाटातच ठेवते. एक सांगायचं राहिलं. त्या सकाळी यादीत पहिलं नाव माझं होतं. मीच तिला म्हटलं, "माहं बोट दुखून राहिलं. तू मार ना आधी."