एकाच वाटीतलं पाणी

राहेल, सलाम.

रविवारी तुझ्या बाप्तिस्म्याला मी गंगापूर धरणावर आलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे.

"पप्पा, तान्हेपणी डोक्याला पाणी लावलं, तो काय बाप्तिस्मा? स्वतः विश्वास ठेवून पूर्ण बुडी घ्यायला हवी," असं म्हणालीस. शास्त्र तुझ्या नव्या चर्चच्या पाळकांना जास्त कळत असेल.

पण एक गोष्ट मम्मीने मला तुला कधी सांगू दिली नाही. तुझ्याआधी दहा मिनिटं तुझी जुळी बहीण जन्मली होती. दोघींना काचेच्या पेटीत ठेवलेलं. डॉक्टर म्हणाल्या, आशा धरू नका. आपले पाळक येवल्याला गेलेले. मग मीच स्टीलच्या वाटीत पाणी घेतलं आणि पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने दोघींच्या कपाळाला लावलं. तू राहेल, ती लेआ. संध्याकाळी तू एकटीच उरलीस.

"तिचा बाप्तिस्मा तरी झाला," एवढ्यावर मम्मीने जन्म काढला.

फोटोत ओल्या केसांनी किती हसतेयस! म्हणून हे पत्र न पाठवता माझ्या बायबलमध्येच ठेवतोय. तुला दुसरं पाणी मिळालं, बेटा. लेआसाठी ते मी कुठून आणू?

दोघींचा,
पप्पा