आतलं बटण

६ ऑक्टोबर, सोमवार
लागली एकदाची नोकरी! विश्रांतवाडीहून वारज्याला, म्हणजे रोज अख्खं पुणं ओलांडायचं, पण पगार चांगला आहे तेव्हा कुरकुर बंद. कंपनी शीतगृहांच्या दारांची इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवते. मार्केट यार्डातले व्यापारी आमचं गिऱ्हाईक. कुलूप चालवणारा ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी थेट बोलणारा प्रोग्रॅम, आता माझ्याकडे. तो ज्या कंपायलरनं, म्हणजे आम्ही लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमनं, तयार होतो तो इतका जुना, की त्याच्यासाठी एक म्हातारा कॉम्प्युटर जपून ठेवलाय. नवा निवडायचं काम पृथ्वीराज सरांनी मला दिलं. इथला रिवाजही सांगितला: ज्यानं ड्रायव्हर तयार केला, त्यानंच मागच्या थंड खोलीत शिरायचं, दार लावून घ्यायचं आणि आतलं बटण दाबून बाहेर यायचं. बाहेर एक माणूस उभा हवा. आत कडी नाही. कडी असली तर परीक्षा कसली, म्हणे. धन्य आहेत.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दुपारी त्या थंड खोलीचं दार आपोआप उघडलं. खोली रिकामी. शेजारची ऋतुजा मान वर न करता म्हणाली, तेजस असेल. तेजस कोण, ते कोणी सांगेना. स्क्रीनवर मात्र आतलं बटण दाबल्याचं दिसत होतं. वायर सैल असणार. बदलली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
वायर बदलूनही उघडलंच. शेवटी चहा देणाऱ्या सुशीलाबाईंनी सांगितलं. तेजस माझ्याच जागेवर होता. मार्चमध्ये परीक्षेच्या वेळी बटण चाललं नाही, त्या खोलीत अडकून वारला. बाहेर उभा राहणारा जेवायला गेला होता. कडी अजून बसवलेली नाही, दिवाळीनंतर बघू म्हणतात.
"पोरगं बाहेर यायला बघतंय," सुशीलाबाई म्हणाल्या. "त्याचं दार अडवू नका, ताई."
मी हसले. चहा मात्र तसाच राहिला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
नवा कंपायलर ठरला. भलताच हुशार; जो कोड बिनकामाचा वाटेल तो स्वतःच काढून टाकतो. प्रोग्रॅम निम्मा झाला. सकाळीच दारावर चढवला आणि दिवसभर दार एकदाही उघडलं नाही. सुटले बाई! उद्या परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आत आहे. बटण दाबतेय, दार उघडत नाही. बाहेर ऋतुजा होती. तिला खरेदीला जायचं होतं, मीच म्हटलं, जा गं, एक बटण तर दाबायचंय. ऑफिस रिकामं झालंय. फोनला रेंज नाही. टॉर्चच्या उजेडात लिहितेय. मला भीती वाटतेय.

कळलं. बटण माणूस बोटानं दाबतो, प्रोग्रॅम नाही — हे कंपायलरला सांगणारा एक शब्द कोडमध्ये नव्हताच. जुना कंपायलर मठ्ठ, तरी दर वेळी बटणाकडे बघायचा. नव्या कंपायलरनं ठरवलं, आतून कोणी दाबणारच नाही. बघणंच काढून टाकलं.

म्हणजे काल दार उघडलं नाही, ते —

बोटं वळत नाहीत. आई वाट बघत असेल —

बटण वाजतंय. टक. टक. मी कोपऱ्यात आहे. माझे दोन्ही हात वहीवर आहेत.

सांगितलं त्याला. तेजस, नाही उघडणार आता, मीच बंद केलं —

आवाज थांबला.

माझ्या मनगटावर हात आहे. गार. ओढतोय, बटणाकडे, मी पण दाबावं म्हणून, मी पण —