एकोणीस घरांना कळवायचं आहे

ता. ४ फेब्रुवारी

ती. ताईस, धाकट्याचा सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. आमच्या म्हाताऱ्या गनबोटीनं गेल्या महिन्यात खाडीच्या तोंडाशी शत्रूच्या दोन बोटी पिटाळल्या. कप्तान खूश आहेत. स्वयंपाकी मात्र बिस्किटांच्या पुढे सरकत नाही.

पण काल डोकंच फिरलं. सकाळी धुक्यात परतत होतो, तर किनाऱ्यावरच्या आपल्याच तोफखान्यानं आमच्यावर गोळा टाकला! थोडक्यात वाचलो. दिव्यानं दाखवायची नवी खूण त्यांना कुणी कळवलेलीच नाही. कप्तानांनी तुमच्या नौदल कचेरीला त्याबद्दल आधीच दोनदा लिहिलंय. तू तिथे टायपिंग करतेस की डुलक्या काढतेस? साहेबांना जरा हलव. बाबांना यातलं काही कळवू नकोस.

लोभ आहेच, सोबत पायमोजेही धाड.

तुझा,
धाकटा

ता. २१ फेब्रुवारी

ती. बाबांस, सा. न.

पेपरातली ती बातमी कापून ठेवू नका. 'शत्रूशी झुंजताना गनबोट बुडाली, वीस जणांना वीरमरण' हे मीच टाइप केलं, साहेबांनी सांगितलं तसं. साफ खोटं आहे. धुक्यात आपल्याच तोफखान्यानं तिला फोडलं; आपला धाकटा आपल्याच गोळ्यानं गेला. वाचलेल्या एका खलाशानं मला कचेरीच्या जिन्यात गाठून सांगितलं.

कप्तानांची दोन्ही पत्रं साहेबांच्या टेबलावर पडून होती. धाकट्याचं पत्र आल्यावर मी आठवण करून दिली, तर म्हणाले, टायपिस्टनं युद्ध चालवू नये. आणि मी गप्प बसले! त्यांचा राग येतो, त्याहून जास्त माझा येतो. या आठवड्यात राजीनामा त्यांच्या तोंडावर फेकते.

रागवा, पण मला आपली म्हणा.

तुमची,
ताई

ता. २५ फेब्रुवारी

चि. ताईस, अ. आ.

पत्र दुकानात आलं ते बरं झालं, आईच्या हाती पडलं नाही. आज तुझे साहेबच पदक घेऊन आले. अर्धवट शिवलेल्या कोटांमध्ये उभे राहून भाषण ठोकू लागले. मी विचारलं, गोळा कुणाचा होता? म्हणाले, ही वेळ नव्हे. मी कात्री खाली ठेवली, पदक त्यांच्या हातात कोंबलं आणि म्हटलं, आधी खरं लिहून आणा, मग या. माणूस घाम पुसत गेला.

राजीनामा दे, पण त्याआधी त्या दोन्ही पत्रांच्या वीस नकला काढ. बाकीच्या एकोणीस घरांचे पत्ते मी जमवतोय.

तुझ्यावर रागावलोय, खोटं कशाला बोलू? तरी लवकर घरी ये. गोळा आपलाच होता हे आईला अजून सांगितलेलं नाही. ते मला एकट्याला जमायचं नाही.

तुझा,
बाबा